उंच आणि वजनदार माणसाने स्कूटर निवडताना

स्कूटर हे आपल्याकडे सबंध घराचं वाहन आहे. सकाळी वडील तिच्यावरून दूध आणतात, मग मुलगी कॉलेजला जाते, संध्याकाळी आई भाजीला. म्हणून कंपन्या ती अशा बेताने बनवतात, की पाच फुटांच्या माणसाचेही पाय जमिनीला टेकावेत. ते योग्यच आहे. पण त्याच घरात सहा फूट दोन इंच उंचीचा, शंभर किलोंच्या आसपास वजनाचा माणूस असेल आणि त्याला रोज कोथरूडहून हिंजवडी गाठायची असेल, तर महिन्याभरात त्याची कंबर बोलायला लागते. गुडघे हँडलला लागतात, यू-टर्न घेताना पाय बाहेर काढावा लागतो, प्रत्येक खड्डा मणक्यापर्यंत पोचतो. अशी बरीच माणसं ‘आपल्या मापाची स्कूटर मिळतच नाही’ असं धरून चालतात आणि वर्षानुवर्षं सोसतात. सोसायचं काही कारण नाही. गाडी घेण्याआधी काय मोजायचं हे माहीत असलं, तर आज बाजारात असलेल्या गाड्यांमधूनच बरीचशी सोय होते.

शोरूममध्ये तुम्ही ‘मला उंच गाडी दाखवा’ म्हणालात, की विक्रेता सीटची उंची सांगतो. हा आकडा आपल्या कामाचा फारसा नाही. होंडा ॲक्टिव्हा ११० ची सीट जमिनीपासून ७६४ मिलिमीटर, टीव्हीएस ज्युपिटर १२५ ची ७६५, एनटॉर्कची ७७०, सुझुकी ॲक्सेसची ७७३, बर्गमन आणि एथर रिझ्टाची ७८०, यामाहा एरॉक्सची ७९०. सर्वांत बुटक्या आणि सर्वांत उंच गाडीत जेमतेम एका इंचाचा फरक. तरी या गाड्यांवर बसल्यावर उंच माणसाला जाणवणारा फरक एका इंचाचा नसतो, खूप मोठा असतो. सीटची उंची सांगते सिग्नलला पाय टेकतील की नाही, आणि ती अडचण आपल्याला कधीच नव्हती.

आपल्याला हवं आहे ते अंतर म्हणजे सीटच्या पुढच्या भागापासून फूटबोर्डपर्यंतचं. हे कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं, म्हणून शोरूमला जाताना खिशात टेप ठेवा. त्याआधी घरी एक माप घ्या. बूट घालून खुर्चीवर सरळ बसा, मांडी जमिनीला समांतर ठेवा आणि जमिनीपासून गुडघ्यामागच्या खोबणीपर्यंतचं अंतर मोजा. उंच माणसात ते पंचेचाळीस सेंटीमीटरच्या वर सहज जातं. आता स्कूटरच्या सीटपासून फूटबोर्डपर्यंत टेप धरा, त्यातून दोनेक सेंटीमीटर वजा करा, कारण तुमच्या वजनाने फोम तेवढा दबणारच. हे अंतर तुमच्या मापापेक्षा जितकं कमी, तितके तुमचे गुडघे कमरेच्या वर जाणार. थोडा फरक प्रत्येक स्कूटरवर राहील. पण दोन गाड्यांची मापं शेजारी लिहिलीत, की कोणती गाडी तुमच्यासाठी आहे हे विक्रेत्याला विचारावं लागत नाही.

गुडघे कमरेच्या वर गेले की काय होतं, हे नीट समजून घ्यायला हवं. ठेंगण्या पाटावर बसून पाहा: माकडहाड मागे वळतं, कंबर गोल होते, खांदे पुढे येतात. स्कूटरवर हीच बैठक होते आणि त्यात खड्ड्यांची भर पडते. मोटरसायकलवर पाय फूटरेस्टवर असतात, खड्डा दिसला की माणूस पायांवर जोर देऊन किंचित उठतो आणि धक्का मांड्या झेलतात. स्कूटरवर, त्यातही गुडघे वर आलेले असताना, उठता येत नाही. सगळं वजन माकडहाडावर आणि सगळा धक्का गोल झालेल्या कंबरेत. शंभर किलोंच्या माणसात हा धक्का अर्थातच मोठा असतो. म्हणून पायाला जागा किती हा प्रश्न मी इंजिन, ॲव्हरेज, किंमत या सगळ्यांच्या आधी विचारतो.

या जागेवर गेल्या काही वर्षांत वेगळंच आक्रमण झालं आहे. सीटखालची डिकी मोठी हवी, दोन हेल्मेट मावायला हवीत, ही ग्राहकांची मागणी. ती पुरवायला टीव्हीएसने ज्युपिटर १२५ मध्ये पेट्रोलची टाकी सीटखालून काढून फूटबोर्डखाली नेली. बऱ्याच इलेक्ट्रिक स्कूटर्समध्ये बॅटरी फूटबोर्डखाली असते. एथरची आहे, बजाजच्या नव्या ३५ मालिकेतल्या चेतकची आहे, आणि त्यामुळेच त्या चेतकला ३५ लिटरची डिकी देता आली. सोय खरीच आहे. पण खाली काही बसवलं, की फूटबोर्ड उचलला जाण्याची शक्यता वाढते आणि त्याची किंमत उंच माणसाचा गुडघा मोजतो. म्हणून मोठ्या डिकीची जाहिरात ऐकली, की टेप लगेच बाहेर काढा. काही गाड्यांमध्ये हा हिशेब छान जमवलेला असतो, काहींमध्ये नाही, आणि नुसतं पाहून ते कळत नाही.

काही स्कूटर्समध्ये फूटबोर्डचा पुढचा भाग वर चढत जातो आणि पाय पुढे लांब करून ठेवता येतात. सुझुकी बर्गमन स्ट्रीट, यामाहा एरॉक्स या त्या जातीच्या. पाय लांब झाले की गुडघा उघडतो आणि पहिल्या दहा मिनिटांत माणूस खूश होतो. इथे एक सावधगिरी. पाय पुढे असताना पायांवर जोर देता येत नाही, म्हणजे मोठ्या खड्ड्यात सगळा मार पुन्हा कंबरेलाच. त्यामुळे ज्या गाडीत दोन्ही बैठका जमतात ती घ्यावी. मोकळ्या रस्त्यावर पाय पुढे, खराब रस्त्यावर पाय मागे घेऊन गुडघ्याखाली. बर्गमनमध्ये सपाट भागही आहे आणि पुढचा चढही. एरॉक्सला मधोमध उंच कणा आहे, त्यामुळे पायांत किराण्याची पिशवी किंवा सिलिंडर ठेवायचा असेल तर ती गाडी बाद. ऑफिसला एकट्याने जाणाऱ्याला मात्र त्याने काही बिघडत नाही.

मग हँडल. गाडीवर बसा, दोन्ही पाय आत घ्या आणि हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवा. ब्रेकचं लिव्हर किंवा मूठ गुडघ्याला लागते का? लागत असेल तर सोसायटीच्या गेटपाशी, पार्किंगमध्ये, गर्दीतल्या यू-टर्नला ती रोज लागणार. हा नुसता गैरसोयीचा मामला नाही. हळू वेगात हँडल अडलं की गाडी पडते, आणि गाडी बहुधा त्याच पायावर पडते. गुडघे फाकवून बसण्याची सवय लावून घेतात काही जण, पण बाहेर आलेला गुडघा बसच्या आणि रिक्षाच्या वाटेत येतो. बहुतेक स्कूटर्सचं हँडल प्लास्टिकच्या आवरणात बंद असल्याने ते नंतर उंच करून घेणं अवघड असतं. विकत घेताना जे हँडल आहे ते कायमचं, असं समजूनच तपासा.

सीटबद्दल दोन गोष्टी. पहिली, ती सपाट आणि लांब हवी. उंच माणसाला मागे सरकता आलं तर गुडघ्याला चार बोटं जागा आपोआप मिळते. ॲक्सेसची सीट या बाबतीत चांगली आहे, रिझ्टाची तर मुद्दाम लांब ठेवलेली आहे. उलट खेळकर दिसणाऱ्या गाड्यांमध्ये चालकाच्या आणि मागच्याच्या सीटमध्ये पायरी असते. ती पायरी जिथे येते तिथेच तुमची बैठक संपते, एक इंचही मागे जाता येत नाही. दुसरी गोष्ट, शोरूममध्ये मऊ लागलेली सीट बहुधा आपल्या कामाची नसते. अंगठ्याने दाबून पाहा. अंगठा सहज खालच्या फळीला जाऊन टेकला, तर शंभर किलोंखाली तो फोम अर्ध्या तासात संपेल आणि तुम्ही फळीवर बसलेले असाल. पहिल्या मिनिटाला जराशी टणक वाटणारी रुंद सीट तासाभरानंतर जास्त आराम देते.

आता वजनाकडे. ही गोष्ट बोलायला लोक संकोचतात, पण गाडीला ती सांगावीच लागते. स्कूटरची रचनाच अशी, की इंजिन, चालक आणि मागचा माणूस हे सगळे मागच्या चाकाच्या आसपास असतात. उंच माणूस मागे सरकून बसला की भार आणखी मागे जातो. म्हणजे गाडीचा मागचा टायर, मागचा शॉकअप आणि मागचा ब्रेक यांच्यावर तुमचा आराम आणि सुरक्षितता उभी आहे. बऱ्याच ११० आणि १२५ सीसी स्कूटर्सना मागे एकाच बाजूला एक शॉकअप असतो. एरॉक्स, टीव्हीएस आयक्यूब अशा गाड्यांना दोन आहेत आणि जड माणसाला ते जास्त भरवशाचे. एकच असेल तर निदान तो ॲडजस्ट होणारा हवा. २०२० साली आलेल्या ॲक्टिव्हा ६जी मध्ये तीन टप्प्यांत घट्ट करता येणारा मागचा शॉकअप आला, ज्युपिटरमध्येही ती सोय आहे. टप्पा वाढवला की तुम्ही बसताच स्प्रिंग दबून बसत नाही, खड्ड्यासाठी त्याच्याकडे काही इंच शिल्लक राहतात. दोन मिनिटांचं हे काम आहे आणि कितीतरी जड माणसं ते कधी करूनच घेत नाहीत.

गाडीच्या पुस्तिकेत कमाल भाराचा आकडा दिलेला असतो. त्यात चालक, मागचा माणूस आणि सामान सगळं येतं. तो शोधून हिशेब करा. तुमचे १०५ किलो, पत्नीचे ६०, लॅपटॉपची बॅग, डब्याची पिशवी आणि हेल्मेट मिळून आठ-दहा: पावणेदोनशे किलो झाले. हा भार पुष्कळ स्कूटर्सच्या मर्यादेला भिडतो किंवा ती ओलांडतो. रोज दोघांनी जायचं असेल, तर याच आकड्याने गाडी ठरवावी, रंग आणि ब्लूटूथ नंतर पाहावं.

टायरवरची अक्षरंही वाचायला शिका. ‘९०/१००-१० ५३जे’ असं लिहिलेलं असेल, तर ९० म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी, १० म्हणजे चाकाचा इंचांतला व्यास, आणि ५३ हा भाराचा क्रमांक. ५३ म्हणजे तो टायर २०६ किलो भार पेलतो, ५४ म्हणजे २१२. पण हवा पूर्ण असेल तरच. बऱ्याच ११० सीसी गाड्यांना मागच्या चाकात एकट्यासाठी २९ आणि दोघांसाठी ३६ पीएसआय हवा सांगितलेली असते. एकट्यासाठीचा आकडा बेतशीर वजनाच्या माणसाला धरून असतो. तुम्ही एकटे शंभरच्या वर असाल, तर दोघांच्या आकड्याजवळची हवा ठेवा आणि दर आठवड्याला तपासा. कमी हवेचा टायर जड माणसाखाली लवकर गरम होतो, कडेने झिजतो आणि वळणावर गाडी डोलू लागते. पंक्चरवाल्याने कमी क्रमांकाचा स्वस्त टायर सुचवला तर ठाम नाही म्हणा.

चाकाच्या आकाराबाबत माझं मत स्पष्ट आहे: निदान दोन्ही चाकं १२ इंची हवीत. १० इंचांचं चाक खड्ड्यात जास्त खोल उतरतं आणि तितक्याच जोराने बाहेर आदळतं. पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते पाहता हा फरक रोजचा आहे. ज्युपिटर, एनटॉर्क, आयक्यूब, एथर यांना दोन्हीकडे १२ इंच आहेत. ॲक्सेसला आणि ॲक्टिव्हा ११० ला पुढे १२, मागे १०, आणि आपलं वजन नेमकं मागे. बर्गमनच्या ईएक्स आवृत्तीत मागचं चाक १२ इंचांचं केलं आहे, म्हणून बर्गमन घ्यायची तर तीच घ्यावी. एरॉक्स, हिरो झूम १६० आणि बंगळुरूच्या रिव्हर इंडीला १४ इंचांची चाकं आहेत. खराब रस्त्यावर जड माणसाला खरा फरक तिथे जाणवतो.

इंजिनाबाबत फार बोलायला नको. सपाट शहरात एकट्याने जायचं असेल तर ११० सीसी चालून जाते. पण वाटेत चढ असेल, कात्रजचा घाट असो की पणजीत आल्तिनोची टेकडी, आणि मागे कुणी बसणार असेल, तर १२५ च्या खाली जाऊ नका. ११० ला साधारण ९ न्यूटन मीटर टॉर्क असतो, १२५ ला १० च्या पुढे. कागदावर फरक लहान, पण चढावर थांबून पुन्हा निघताना तोच कामी येतो. कमी ताकदीचं इंजिन जड माणसाखाली सतत पिळलं जातं, ॲव्हरेज पडतं, बेल्ट आणि क्लच लवकर झिजतात. एरॉक्स १५५ सारख्या गाडीत जवळपास १५ अश्वशक्ती आणि १४ च्या आसपास टॉर्क मिळतो, पण तिच्यासाठी दीड लाखाच्या आसपास मोजायची तयारी हवी. अशा गाड्या १२५-१४० किलोंच्या असतात. बुटक्या माणसाला ते ओझं वाटतं. आपले पाय जमिनीवर पूर्ण टेकत असल्याने आपल्याला नाही.

ब्रेकमध्ये काटकसर करू नका. वजन वाढलं की थांबवायची ऊर्जा त्याच प्रमाणात वाढते. पुढे डिस्क असलेलीच आवृत्ती घ्या, पाच-सात हजार जास्त गेले तरी. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी सोय) आणि त्यावरच्यांना एबीएस (चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं आहे. ओल्या रस्त्यावर एबीएसचा आधार मोठा, आणि १५५-१६० सीसीकडे वळायला हे एक चांगलं कारण आहे.

इलेक्ट्रिक स्कूटरचा विचार जड माणसाने जरूर करावा, कारण मोटरचा टॉर्क पहिल्या क्षणापासून मिळतो आणि चढावर गाडी रडत नाही. मात्र जाहिरातीतल्या रेंजमधून एक तृतीयांश आधीच वजा करून हिशेब मांडा. थांबत-निघत जाताना वजन वीज खातं, आणि मोकळ्या रस्त्यावर उंच, रुंद शरीर वारा अडवतं तेही वीज खातं. उरलेल्या रेंजमध्ये तुमचं जाणं-येणं आणि थोडं इकडेतिकडे बसत असेल तर निश्चिंत घ्या. फूटबोर्डचं माप इथेही आधी.

टेस्ट राइडला एकटे जाऊ नका. रोज जो मागे बसणार आहे, पत्नी, मुलगा, वडील, त्यांना सोबत न्या. तुम्ही आरामात मागे सरकून बसलात तर त्यांना उरलेली जागा किती, हे तेव्हाच कळतं. त्यांना धरायला मागची ग्रॅब रेल नीट हाताला येते का, पाय ठेवायला फूटरेस्ट आहे का, तुमच्या रुंद पाठीमागून त्यांना पुढचं काही दिसतं का, हे त्यांनाच विचारा. शोरूमभोवतीची एक फेरी पुरेशी नाही. निदान अर्धा तास मागा, वाटेत गतिरोधक, खड्डे, एक चढ आणि एक घट्ट यू-टर्न असू द्या. रोजचे बूट, रोजचं हेल्मेट, पाठीवर बॅग. आरशांत आपले खांदेच दिसतात का तेही पाहा. उंच माणसाला हा त्रास नेहमीचा आहे आणि लांब दांड्याचे आरसे लावून तो सुटतो. शोरूमने इतका वेळ द्यायला नकार दिला, तर दुसऱ्या शोरूममध्ये जा. ओळखीत कुणाकडे ती गाडी असेल तर एक सकाळ मागून घ्या, याहून चांगली परीक्षा नाही.

सगळं पाहून एखाद्याने मला थेट नाव विचारलं, तर मी असं सांगेन. एकट्याचा रोजचा मोठा प्रवास, रस्ता खराब, खिसा परवानगी देतो: एरॉक्स किंवा झूम १६० आधी बसून पाहा. घरातल्या इतरांनीही वापरायची, पिशव्या न्यायच्या: बर्गमन ईएक्स आणि ज्युपिटर १२५ दोन्हींना टेप लावा आणि ज्यात गुडघा खाली राहतो ती घ्या. इलेक्ट्रिकमध्ये रिझ्टा तिच्या लांब सीटसाठी आणि इंडी तिच्या मोठ्या चाकांसाठी पाहण्यासारख्या आहेत, पण इंडीचं सर्व्हिस सेंटर तुमच्या गावात आहे का याची आधी खात्री करा. सहा फूट तीन-चार इंचांच्या पुढे असाल आणि कंबरेचं दुखणं आधीपासून असेल, तर सरळ बैठकीची मोटरसायकल घ्या असं मी मोकळेपणाने म्हणेन. स्कूटरच्या सोयीसाठी पाठ खर्च करू नये.

गाडी आधीच घेतलेली असेल आणि गुडघे अडत असतील, तर सर्वांत स्वस्त उपाय सीटचा. सीट बनवणाऱ्याकडून चांगल्या घनतेचा फोम घालून ती एक-दीड इंच उंच करून घ्या. पुण्यात नाना पेठेत दुचाकीच्या सामानाची बाजारपेठच आहे, इतर शहरांतही सीटकव्हरवाले हे काम करतात. उंची पुढच्या भागात वाढवून घ्या आणि बैठक सपाट ठेवायला सांगा, नाहीतर तुम्ही ब्रेक लावताच पुढे घसराल. सीटचं लॉक नीट बसतं का ते दुकानातच पाहा. घरात बुटकी माणसंही ती गाडी चालवत असतील, तर जुनी सीट फेकू नका, दुसरी सीट घेऊन तिच्यावर काम करवून घ्या. मूळ सीट केव्हाही परत बसवता येते.

नवी गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी पूजा-हार होण्याआधी मेकॅनिकला हाक मारा. त्याला तुमचं वजन सांगा, मागचा शॉकअप तुमच्या वजनाच्या टप्प्यावर लावून घ्या, टायरमधली हवा तुमच्यासमोर भरून घ्या आणि आरसे तुम्ही बसलेले असताना घट्ट करून घ्या. पहिल्या सर्व्हिसिंगला कोनसेट (हँडलच्या दांड्याचं बेअरिंग) आणि मागचे ब्रेक मुद्दाम तपासायला सांगा, आणि पुढे दर सर्व्हिसिंगला तेच सांगत राहा. आपल्या गाडीत हे दोन भाग इतरांच्या आधी झिजतात.